शामक औषधें : माप, मुदत आणि देखरेख

वसईच्या इतिहासांतील दोन सालें शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतात. १७३९ हें चिमाजीअप्पांच्या विजयाचें, आणि १५३४ हें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवालीं केल्याचें. उत्तरेकडून हुमायून बादशहाच्या स्वारीचें भय होतें, समुद्रावर पोर्तुगीजांचीं गलबतें फिरत होतीं, आणि दोहों बाजूंनीं कोंडल्या गेलेल्या या सुलतानानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई देऊन एका वैऱ्याला तात्पुरतें शांत केलें. राजकारणाचा हा भाग सर्वश्रुत आहे. परंतु हाच सुलतान रात्रीं आपलें मन कशानें रमवीत असे, याचीही एक नोंद मागें राहिली आहे, आणि ती बखरींत नसून वैद्यकाच्या ग्रंथांत आहे.

पोर्तुगीज आरमाराचा कप्तान मार्तिं आफोंसु द सोझा याच्याशीं बोलतांना बहादूरशहानें सांगितलें कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्तान, इराण असे दूरदूरचे देश हिंडून यावेंसें वाटलें, म्हणजे थोडीशी भांग घेतली कीं काम होतें. सोझाबरोबर १५३४ सालीं हिंदुस्थानांत आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता यानें ही गोष्ट टिपून ठेविली. भांगेपायीं सुलतानाचा मुलूख गेला असें म्हणणें हा इतिहासाचा विपर्यास होईल. तथापि संकटांत सांपडलेल्या मनाला घटकाभर विसावा हवा असतो, ही गरज राजापासून रंकापर्यंत सारखीच आहे, आणि ती भागविणारीं द्रव्येंही फार जुनीं आहेत. विचार करावयाचा तो द्रव्याच्या नांवाचा नव्हे. तें किती घ्यावें, किती दिवस घ्यावें, आणि घेणाऱ्यावर कोणाची देखरेख असावी, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. गेल्या साडेचारशें वर्षांत या किनाऱ्यावरील लोकांनीं त्यांचीं उत्तरें पुन्हां पुन्हां मिळविलीं आणि पुन्हां पुन्हां विसरलीं. आज चिंतेवरचें औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतें व घरच्या कपाटांत गोळ्यांच्या पट्टीच्या रूपानें राहतें. म्हणून तो वृत्तांत शहरांतील कुटुंबांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

ओर्ता हा नुसता प्रवासी नव्हता. सुमारें तीस वर्षें त्यानें या देशांत वैद्यकी केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें जाणेंयेणें होतें, आणि त्या काळीं वसईच्या अमलाखालीं असलेलें मुंबईचें बेट त्याला भाडेपट्ट्यानें मिळालें होतें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथांत हिंदुस्थानांतील वनस्पतींची व औषधांची माहिती आहे, आणि तींत मनाला गुंगी आणणारीं तीन द्रव्यें येतात : भांग, धोतरा आणि अफू.

भांग घेणाऱ्या नोकरांनीं त्याला सांगितलें कीं तिनें श्रमाची जाणीव राहत नाहीं, मन आनंदी होतें व भूक लागते. धोतऱ्याची हकीकत निराळी आहे. चोरी करूं इच्छिणारे लोक तो दुसऱ्याच्या अन्नांत मिसळीत. तो पोटांत गेलेला माणूस भान हरपून हंसत बसे आणि त्याच्या डोळ्यांदेखत घर लुटलें जाई. अफूच्या प्रकरणांत ओर्ता निजामशहाच्या एका चिटणिसाची गोष्ट सांगतो. हा खोरासानचा राहणारा, विद्वान व लेखनकुशल गृहस्थ. पण तो दररोज तीन तोळे अफू खाई आणि सदा पेंगत असे. नवख्या माणसाला यापेक्षां पुष्कळच थोडी अफू प्राणघातक ठरते. संवयीनें मात्र शरीर तेवढें माप सोसूं लागलें होतें. आणि अशी संवय जडलेल्यानें अफू एकाएकी सोडली तर जिवाला धोका असतो, हाही त्या काळचा अनुभव ओर्तानें नमूद केला आहे.

या नोंदी बारकाईनें पाहिल्या, तर शामक औषधांच्या शास्त्रांतील तीन मुख्य गोष्टी १५६३ सालींच कागदावर उतरल्या होत्या असें दिसतें. पहिली, मनावर चालणारें द्रव्य घेणाऱ्याची सावधगिरी हिरावून घेतें. दुसरी, रोजच्या सेवनानें शरीर त्याला सरावतें व माप वाढत जातें. तिसरी, सराव झाल्यावर तें अकस्मात् थांबविणें हें स्वतःच एक संकट होऊन बसतें. पुढील काळांत नवीं नवीं औषधें आलीं, परंतु या तीन गोष्टींतून फारच थोडीं सुटलीं.

मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कापडाच्या गिरण्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर चाळींतून एक लहानशी गोळी घरोघर पोंचली. तिचें नांव बाळगोळी. तींत अफू असे. पहांटे गिरणीचा भोंगा झाला कीं आईला कामावर हजर व्हावें लागे. घरीं मूल सांभाळावयास कोणी नसे. म्हणून तान्ह्या मुलाला ही गोळी देऊन निजवीत. स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची स्थिती पाहण्यासाठीं सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनीं १९२२ च्या आपल्या अहवालांत अशा मातांच्या शंभरांपैकीं ९८ मुलांना अफू दिली जाते असें नमूद केलें. हा आंकडा वाचून त्या मातांना दोष देणें सोपें आहे. परंतु तो दोष त्यांचा नव्हता. मूल रडे तें भुकेनें, आजारानें किंवा आई जवळ नसल्यामुळें. गोळीनें रडणें थांबे, त्याचें कारण थांबत नसे. उलट झोंपेच्या पडद्याआड भूक आणि आजार दोन्ही लपून राहत. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला, कांहीं गिरण्यांतून पाळणाघरें निघालीं. मुलें सुरक्षित ठेवण्याचा खरा मार्ग त्या दिशेनें होता.

बाळगोळीची ही कथा आजच्या सुशिक्षित घरांना परकी वाटेल, पण तिचें मर्म परकें नाहीं. परिस्थितीनें उत्पन्न केलेली तळमळ औषधानें झांकली, तर ती परिस्थिती तशीच राहते व औषधाची गरज रोजची होते. कर्जाची काळजी, नोकरीची अनिश्चितता, घरांतील बेबनाव, रोजचा तीन-चार तासांचा रेल्वेचा प्रवास, यांपैकीं एकही गोष्ट गोळीनें नाहींशी होत नाहीं. गोळी फार तर ती सोसण्यास कांहीं दिवसांची उसंत देते. आणि त्या उसंतीचा उपयोग केला नाहीं, तर उसंत हेंच व्यसन होतें.

डॉक्टरी वैद्यकांतही याच काळांत एकामागून एक शामकें आलीं. १८५७ पासून ब्रोमाइडें फेंपऱ्यावर व पुढें सर्व प्रकारच्या अस्वस्थतेवर वापरलीं जाऊं लागलीं. तीं शरीरांतून इतकीं सावकाश बाहेर पडतात कीं रोज घेणाऱ्याच्या अंगांत सांचत जाऊन त्याला भ्रम होई. १८६९ पासून क्लोरल हायड्रेट हें झोंपेचें औषध म्हणून वापरांत आलें. १९०३ पासून बार्बिट्युरेट वर्गाचा काळ सुरू झाला व १९१२ सालीं त्यांतील फिनोबार्बिटोन बाजारांत आलें. या वर्गांतील औषधांचें झोंप आणणारें माप आणि श्वास बंद पाडणारें माप यांतलें अंतर धोकादायक रीतीनें थोडें असतें. प्रत्येक नवें औषध मागच्यापेक्षां निर्धोक म्हणून येई, आणि त्याचे दोष कळेपर्यंत दहा-वीस वर्षें जात. या पुनरावृत्तीचें उत्तम उदाहरण मुंबईशींच निगडित आहे.

सर्पगंधा नांवाचें एक लहान झुडूप आपल्या देशांत ओलसर जंगलांतून उगवतें. मराठींत त्याला हरकी असेंही म्हणतात. सर्पविषावर देण्यांत येणाऱ्या ज्या मुळांची हकीकत ओर्तानें दिली आहे, त्यांपैकीं एक हेंच असावें असें अभ्यासक मानतात. उत्तर हिंदुस्थानांत व बंगाल्यांत वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठीं तें परंपरेनें दिलें जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं वेड व रक्तदाब या दोन्ही विकारांवर त्याचा उपयोग होतो असें प्रसिद्ध केलें. त्यानंतर मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या मुळाची पद्धतशीर परीक्षा केली व १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत तिचा वृत्तांत छापला. पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष या मुळाकडे वेधलें तें या लेखानें. डॉ. वकील यांना १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

१९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनज्ञांनीं या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. मन शांत करणारें, तरीही झोंपेंत न बुडविणारें, अशा औषधाला इंग्रजींत ‘ट्रँक्विलायझर’ म्हणण्याचा प्रघात या रेसर्पिनच्या निमित्तानेंच रूढ झाला. १९५५ सालीं लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयांत चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांपैकीं कांहींना रेसर्पिन व कांहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी देऊन तुलना करण्यांत आली, आणि रेसर्पिनचा गुण सरस ठरला. मनोविकारांवरील औषधाची अशी चोख परीक्षा त्या काळीं विरळाच होती.

परंतु त्याच सुमारास उलट बातम्याही येऊं लागल्या. रक्तदाबासाठीं मोठ्या मापानें रेसर्पिन घेणारे कांहीं रुग्ण हळूहळू उदास होत, त्यांचें कशांत मन लागत नसे, आणि क्वचित् आत्मघाताचे विचारही येत. औषध चुकीचें होतें काय? तसें म्हणतां येत नाहीं. पुढील संशोधकांनीं या संबंधाची फेरतपासणी केली तेव्हां तो पूर्वीं समजला गेला तितका सरळ नाहीं असें दिसून आलें. पण त्या पहिल्या उत्साहाच्या दिवसांत मनोरुग्णांना रोज कांहीं मिलिग्रॅमपर्यंत रेसर्पिन दिलें जाई, आणि नंतर रक्तदाबासाठीं पाव मिलिग्रॅमच्या आंतलें माप पुरेसें ठरलें. औषध तेंच, पण त्याची उपयुक्तता मापावर आणि रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून होती. औदासीन्य रुग्ण स्वतः ओळखत नाहीं. तें घरच्या माणसांना आणि डॉक्टरला आधीं दिसतें.

रेसर्पिन मागें पडलें, आणि आज चिंतेसाठीं ज्या गोळ्या सर्वांत अधिक ठाऊक आहेत त्यांचा उदय झाला. न्यू जर्सी येथील रोश कंपनीच्या प्रयोगशाळेंत लिओ स्टर्नबाक या रसायनज्ञाच्या टेबलावर एक संयुग कांहीं काळ दुर्लक्षित पडून होतें. १९५७ सालीं आवराआवर करतांना तें परीक्षेसाठीं पाठविण्यांत आलें, आणि त्यांतून क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजे लिब्रियम हें औषध निघालें. तें १९६० सालीं व डायझेपाम म्हणजे व्हॅलियम १९६३ सालीं बाजारांत आलें. अल्प्राझोलम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम हीं त्याच बेंझोडायझेपीन कुळांतलीं. बार्बिट्युरेटांच्या मानानें तीं खरोखरच पुष्कळ सुरक्षित होतीं, आणि म्हणूनच तीं निर्धोक आहेत असा समज पसरला.

त्या समजाला पहिला धक्का १९६१ सालींच बसला होता. अमेरिकेंत डॉ. हॉलिस्टर व त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या मापानें महिनोन्महिने लिब्रियम घेतलेल्या ११ रुग्णांचें औषध एकदम बंद केलें, तेव्हां १० जणांना त्रास झाला व दोघांना फेफरें आलें. ओर्ताच्या अफूबाबतच्या नोंदीची ही आधुनिक प्रत म्हणावी लागेल. तरीही रोजच्या साध्या मापानेंसुद्धां संवय लागते हें सर्वमान्य होण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९८८ सालीं ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनें या गोळ्या तीव्र चिंतेवर व केवळ दोन ते चार आठवड्यांपुरत्या द्याव्या असें सांगितलें. अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें २०२० सालीं या सर्व वर्गाच्या वेष्टनावर व्यसन, अवलंबन व सोडतांना होणारा त्रास यांचा ठळक इशारा छापावयास लावला.

असें कां होतें, हें समजणें कठीण नाहीं. मेंदूच्या पेशींना आवरणारें ‘गाबा’ नांवाचें एक द्रव्य शरीरांतच असतें. या गोळ्या त्याचा जोर वाढवितात, म्हणून धडधड थांबते, स्नायू सैल पडतात व झोंप येते. परंतु बाहेरून रोज मदत मिळूं लागली, कीं मेंदू आपला स्वतःचा लगाम ढिला करतो. मग गोळी एकदम बंद होतांच आवरणारें कोणी उरत नाहीं, आणि पूर्वींपेक्षांही अधिक चिंता, निद्रानाश, कंप, प्रसंगीं फेफरें उद्भवतें. रुग्णाला वाटतें कीं मूळचाच आजार उलटला, आणि तो पुन्हां गोळीकडे वळतो. अल्प्राझोलमसारखीं लवकर उतरणारीं औषधें या बाबतींत विशेष फसवीं असतात.

कायद्यानें या औषधांवर देखरेख ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. १९४० च्या औषध-कायद्याच्या नियमांत २०१३ सालीं ‘एच-१’ ही अनुसूची घालण्यांत आली व ती १ मार्च २०१४ पासून अंमलांत आली. ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला तोही त्याच वर्षीं, १ ऑगस्टला. या अनुसूचींत अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, झोल्पिडेम हीं औषधें आहेत. तीं चिठ्ठीवांचून विकतां येत नाहींत. आणि विकतांना डॉक्टरचें व रुग्णाचें नांव, औषध व त्याची संख्या वेगळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपावी लागते. कित्येकांना हा जाच वाटतो. वस्तुतः बाळगोळीच्या काळीं जी देखरेख नव्हती, तिचाच हा कागदी अवशेष आहे.

पण वही ही डोळ्यांची जागा घेऊं शकत नाहीं. वसई-विरारसारख्या नगरांत एखाद्या गृहस्थाचा हृदयाचा डॉक्टर मुंबईस, घरचा डॉक्टर नालासोपाऱ्यास व औषधाचें दुकान विरार स्टेशनाबाहेर, असें सहज होऊं शकतें. एकानें चिंतेसाठीं, दुसऱ्यानें झोंपेसाठीं आणि तिसऱ्यानें कंबरदुखीसाठीं दिलेलीं तीन गुंगीचीं औषधें एकाच रात्रीं एकाच पोटांत जातात, आणि तिघांनाही त्याची वार्ता नसते. म्हणून घरांत चालू असलेल्या सर्व औषधांची एक यादी असावी व ती प्रत्येक डॉक्टरपुढें ठेवावी, हा पहिला नियम.

दुसरा नियम मिश्रणाचा. या गोळ्यांबरोबर मद्य घेऊं नये, आणि ताडीमाडी हेंही मद्यच होय. अफूपासून किंवा तिच्या धर्तीवर केलेल्या वेदनाशामकांबरोबर त्या घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊं शकतो. तिसरा नियम वयाचा. वृद्धांच्या शरीरांत कित्येक गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशींही टिकतो. रात्रीं उठतांना तोल जातो, मांडीचें हाड मोडतें, विस्मरण वाढतें. गर्भवतीनें व अंगावर पाजणाऱ्या मातेनें डॉक्टरला आपली स्थिती आधीं सांगावी. गोळीचा अंमल असतांना वाहन चालवूं नये. चौथा नियम मालकीचा. एकाची गोळी दुसऱ्याला देऊं नये. शेजारणीला जी मानवली ती आपल्याला मानवेलच असें नाहीं. पट्टी कुलुपांत ठेवावी, उशाशीं नव्हे.

पांचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. जो कोणी आज अशी गोळी कित्येक आठवडे किंवा वर्षें घेत असेल, त्यानें हा वृत्तांत ऐकून ती उद्यांपासून बंद करूं नये. डॉक्टरला भेटून, ठरवून, माप थोडें थोडें उतरवीत नेलें, तर बहुतेकांना ती सोडतां येते. मात्र त्याला आठवडे, प्रसंगीं महिने लागतात. घाई हीच येथें घातक आहे.

या सर्वांवरून शामक औषधें त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. अकस्मात् उसळलेली तीव्र भीति, शस्त्रक्रियेपूर्वींची अवस्था, न थांबणारें फेफरें, दारू सोडणाऱ्याचा कंप, अशा प्रसंगीं त्यांनीं असंख्य लोकांना तारलें आहे. दीर्घकाळच्या चिंताविकाराला मात्र निराळी चिकित्सा लागते : तज्ज्ञाशीं पद्धतशीर संवाद करून विचारांची व वर्तनाची घडी बदलणें, आणि गरज असल्यास संवय न लावणारीं, परंतु गुण येण्यास कांहीं आठवडे घेणारीं औषधें. तज्ज्ञ जवळ नसेल त्यानें ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारणा करावी. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली.

बहादूरशहाच्या भांगेला माप नव्हतें, चिटणिसाच्या अफूला मुदत नव्हती, आणि चाळींतल्या बाळगोळीवर कोणाची देखरेख नव्हती. डॉक्टरची चिठ्ठी या तिन्ही उणिवा भरून काढण्यासाठींच जन्मास आली. ती हातीं पडतांच रुग्णानें किंवा त्याच्या घरच्यांनीं डॉक्टरला तीन गोष्टी विचाराव्या : ही गोळी किती घ्यावयाची, किती दिवस घ्यावयाची, आणि ती थांबविण्यासाठीं पुन्हां केव्हां यावयाचें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरूं नये.